बिनटपाची गाडी : एक पाठचिकित्सा

आमचे वडील उस्मानाबादच्या एका सरकारी कार्यालयात जीपचालक होते. बावीस वर्षे त्यांनी एकच जीप चालवली. रोज सकाळी ती पुसायची, पाणी-तेल बघायचे आणि साहेबांच्या दारात नेऊन उभी करायची, हा त्यांचा क्रम होता. त्या बावीस वर्षांत आम्ही घरचे एकदाही तिच्यात बसलो नाही. "गाडी सरकारची आहे," एवढेच ते सांगत. पुढे जीप निर्लेखित झाली आणि लिलावात निघाली. वडील लिलाव बघायला गेले, कडेला उभे राहिले आणि बोली न लावता परत आले. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक पट्टा रस्त्याच्या रुंदीकरणात गेला आणि मोबदला आला. मुलीचे शिक्षण आणि घराची गळकी गच्ची यांतून काही रक्कम उरली. वयाच्या ५४व्या वर्षी मी ठरवले की एक जुनी, उघडी, केवळ मौजेसाठी वापरायची गाडी घ्यायची. घरात हसू झाले. आपल्याकडे 'हौसेला मोल नाही' असे म्हणतात खरे. पण हौस करायची वेळ आली की प्रत्येक जण मोलच विचारतो.

वाङ्मयीन अंकाच्या संशोधन विभागात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. माझे काम जुने कागद वाचण्याचे आहे. मोडी मी कोणाच्या वर्गात बसून शिकलो नाही. रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवरून आणि गावोगावच्या दप्तरांवरून शिकलो. गाडी शोधताना सहा महिने फिरलो, तेव्हा लक्षात आले की मी तेच काम करतो आहे. समोर एक वस्तू आहे, तिच्यावर अनेक हात फिरलेले आहेत, सांगणारा काही सांगतो आणि काही लपवतो, आणि मूळ काय व घुसडलेले काय हे आपल्याला ठरवायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मौजेची जुनी गाडी निवडताना आपण वेग, रूप आणि नाव यांचे मोजमाप करतो. मोजायला हवी तिची वाचनीयता. जी गाडी वाचता येते तीच दुरुस्त करता येते, आणि जी दुरुस्त करता येते तिच्यातच मौज टिकते.

आपल्याकडच्या उघड्या गाड्या

मौजेची उघडी गाडी म्हटले की डोळ्यांपुढे परदेश येतो. जगात या प्रकाराचे सर्वांत यशस्वी उदाहरण जपानी आहे. माझ्दा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ ही दोन आसनांची छोटी उघडी गाडी आणली. तिची कल्पना १९५०-६०च्या दशकांतील इंग्रजी छोट्या गाड्यांवरून घेतलेली होती. गाडी हलकी हवी, इंजिन बेताचे हवे आणि वळणावर चालकाला रस्ता हातात जाणवला पाहिजे, एवढेच तिचे सूत्र. या सूत्रावर दहा लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ती भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, त्यामुळे आपल्या निवडीत तिला जागा नाही. पण निकष म्हणून ती मनाशी ठेवावी. मौज अश्वशक्तीत नसते, हे तिने सिद्ध केले.

हेच सूत्र आपल्या किनाऱ्यावरही एकदा उमटले होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची उघडी गाडी आणली. ती गोव्यात तयार होई. अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे. साठ अश्वशक्तीची कसली स्पोर्ट्‌स कार, असे कोणीही म्हणेल. मला हा आक्षेप चुकीच्या वाचनाचा वाटतो. दुचाकी जशी ताशी चाळीसलाही आनंद देते, तशी ही गाडी साठलाच आनंद देण्यासाठी रचलेली आहे. तिची खरी अडचण निराळी आहे. अशा गाड्या थोड्या संख्येने बनतात. काच, दिव्याचे भिंग, दाराची पट्टी अशा क्षुल्लक भागांसाठी पुढे मालकाला गावे पालथी घालावी लागतात. फायबर गंजत नाही हे खरे. पण तडकले की आपल्या भागातला डेंटिंगवाला हातोडी खाली ठेवतो.

दुसरे उदाहरण अलिबागचे. तेथील चिंकारा मोटर्सने या शतकाच्या सुरुवातीच्या काळात 'रोडस्टर' ही गाडी बांधली. तिचा आदर्श म्हणजे कॉलिन चॅपमनने १९५७ साली आणलेली लोटस सेव्हन. ती इंग्लंडमध्ये सुट्या भागांच्या रूपातही विकली जाई आणि गिऱ्हाईक आपल्या घरच्या शेडमध्ये ती जोडत असे. म्हणजे वाचनीयता या गाडीच्या जन्मातच होती. अलिबागच्या गाडीत इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले; त्या घराण्याचे इंजिन आपल्याकडे काँटेसामुळे मिस्त्रींच्या ओळखीचे होते. हा निर्णय मला फार समंजस वाटतो. रूप परके असले तरी काळीज इथल्या कारागिराला ठाऊक असलेले. पण ही गाडी जमिनीलगत बसते. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक वस्तीच्या दोन्ही टोकांना हौसेने केलेले गतिरोधक आहेत, आणि त्यांची उंची ग्रामपंचायतीच्या उत्साहावर ठरते. तेथे ही गाडी पोटावर अडकेल.

तिसरी अवंती. दिलीप छाब्रिया यांनी ती २०१२च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली. पुढे ती पुण्याच्या परिसरात तयार झाली. इंजिन रेनॉचे, दोन लिटरचे, टर्बोचे, आणि ते आसनांच्या मागे. ती उघडी नाही, तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही, कारण 'आपली स्पोर्ट्‌स कार' म्हणून तिच्याकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. माझे मत असे की ती बघणाऱ्यासाठी रचलेली गाडी आहे. सॅन स्टॉर्म आणि रोडस्टर चालवणाऱ्याकडे तोंड करून उभ्या आहेत; अवंती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गर्दीकडे.

चौथी थार. नाशिकची. पहिली २०१० सालची, दुसरी २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेली. दुसऱ्या आवृत्तीत मागे दुमडता येणारा कापडी टप मिळू लागला आणि दीडशे अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिनही. ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत तिला चार तारे मिळाले. सुरक्षेच्या बाबतीत या लेखातली एकही जुनी गाडी तिच्या जवळपास येत नाही, हे स्वच्छपणे सांगितले पाहिजे. माझा पुतण्या तिच्याच बाजूचा. पण आमच्या रस्त्यांवर ज्या थार दिसतात त्या बहुतेक पक्क्या छपराच्या, काचा वर केलेल्या, आत थंड हवा सोडलेल्या. उघडेपणाचा वारसा सांगणारी ही बंद गाडी आहे. शिवाय तिच्यात काही बिघडले तर ते मिस्त्रीच्या कानाला कळत नाही. संगणक जोडावा लागतो. माझ्यापुरती ती वाचनीय नाही.

पडद्यावरची गाडी

या निवडीत आपले मन आधीच कोणीतरी घडवून ठेवलेले असते, आणि ते घडवले आहे सिनेमाने. तीन चित्रपट आठवावेत. 'चलती का नाम गाड़ी' (१९५८), 'आराधना' (१९६९) आणि 'दिल चाहता है' (२००१). 'आराधना'त उघडी जीप दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेला समांतर धावते; जीप हे तिथे तारुण्याचे आणि गणवेशाचे वाहन आहे. 'दिल चाहता है'मध्ये तीन मित्र उघड्या मर्सिडीझमधून गोव्याला जातात. त्यानंतर गोव्याची सहल म्हणजे उघडी गाडी, असे समीकरण झाले आणि तिथे उघड्या जिपा भाड्याने घेऊन फिरणे नेहमीचे झाले. या दोन्ही चित्रपटांत गाडी बंद पडण्याची शक्यताच नाही. ती ढगासारखी येते आणि जाते. तिचे तेल कोण बदलतो, हा प्रश्न पडद्यावर उमटत नाही.

'चलती का नाम गाड़ी' निराळा आहे. तिथे तीन भाऊ गॅरेज चालवतात आणि त्यांची स्वतःची गाडी जुनीपुराणी, उघडी आहे. हात काळे होणे आणि मौज करणे या दोन गोष्टी त्या चित्रपटात वेगळ्या काढता येत नाहीत. विनोदी म्हणून आपण त्याला हलका मानत आलो. गाडी आणि माणूस यांच्या नात्याबद्दल मात्र तो पुढच्या दोघांपेक्षा अधिक खरे सांगतो. मौजेची गाडी घेऊ पाहणाऱ्याने तिन्ही पाहावेत, आणि आपल्याला यातले नेमके काय हवे आहे ते स्वतःला विचारावे.

जीप : मूळ संहिता

आमच्या जिल्ह्यात उघडी गाडी म्हणजे जीप. तिचा इतिहास येथे थोडा सांगतो. १९४१ पासून महायुद्धासाठी अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जिपा बनवल्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलीजच्या जिपा जोडायला सुरुवात केली. विलीजने १९५३ साली उंच बॉनेटची सीजे-३बी आणली. नवे इंजिन अधिक उंच असल्याने बॉनेट उंचावावे लागले, एवढे साधे कारण. तेच उंच कपाळ पुढे अनेक दशके आपल्या गावांत ओळखीचे झाले. १९८०च्या दशकात एमएम ५४० आली. तिच्यात प्यूजोच्या रचनेचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन होते.

टपाच्या दृष्टीने एक गोष्ट समजून घ्यावी. आजच्या बहुतेक मोटारींचे अंग आणि सांगाडा एकच असतो; छप्पर कापले तर ती गाडी सैल पडते, दारे कुरकुरतात. जिपेची चासी शिडीसारखी वेगळी असते आणि अंग तिच्यावर बोल्टांनी बसवलेले असते. त्यामुळे टप असो वा नसो, जिपेच्या बळात फरक पडत नाही. मारुती किंवा फियाट कापून कोणी उघडी करून विकत असेल तर ती घेऊ नये. ती फाटकी पोथी आहे. जीप जन्मतःच उघडी आहे.

तीन प्रती

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या ताडून पाहिल्या. त्या कामातली एक गोष्ट मला नेहमी मोलाची वाटत आली आहे. जो भाग प्रक्षिप्त ठरला तो त्यांनी फेकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. मी पाहिलेल्या तीन गाड्या याच रीतीने मांडतो.

पहिली प्रत पुण्यात पाहिलेली सॅन स्टॉर्म. कागद नीट, मालक सज्जन. गाडी थोडी चालवली आणि कबूल करतो, तो माझ्या आयुष्यातला सुखाचा अर्धा तास होता. पण मागच्या दिव्याचे भिंग दुसऱ्याच गाडीचे, आरसे तिसऱ्या गाडीचे. मालक म्हणाले, "जे मिळतं ते बसवतो." येथे पाठ शुद्ध करायला दुसरी प्रतच उपलब्ध नाही. एकुलत्या एका पोथीवर काम करणाऱ्याला ही व्यथा ठाऊक असते. पुण्यात राहणाऱ्याने ती अवश्य घ्यावी. मी धाराशिवचा.

दुसरी प्रत सोलापूरजवळची एक चकचकीत जीप. रुंद टायर, नवा लाल रंग, समोर दिव्यांची रांग. मी बरोबर नेलेल्या मिस्त्रींनी खाली वाकून चासीवर हात फिरवला, उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, गाडी घ्यायलाव का खटलं?" चासीचा क्रमांक घासून पुन्हा ठोकलेला होता. आरसी बुकात इंधन पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल इंजिन. हरियाणातील मंडी डबवालीला सुट्या भागांतून जिपा बांधण्याचा मोठा व्यवसाय आहे, आणि तेथील कारागिरांचे कौशल्य मोठे आहे. पण कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ही प्रत बनावट होती. तिच्यात प्रक्षेप होते म्हणून मी तिला बनावट म्हणत नाही; तिने ते प्रक्षेप झाकले होते, म्हणून म्हणतो.

तिसरी प्रत नळदुर्गजवळच्या एका शेतकऱ्याकडची एमएम ५४०. रंग उडालेला, टप म्हणजे शिवलेली ताडपत्री, पत्रा दोन ठिकाणी सडलेला. पण चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक आरसीशी जुळला. पंधरा वर्षांनंतरचे पासिंग वेळेवर झालेले, पर्यावरण कराच्या पावत्या पिशवीत. चढावर थोडा काळा धूर. मिस्त्रींच्या मते पंपाचे काम. फोर व्हीलचा दांडा दोनदा ओढल्यावर पडला. मागे एक जाड हूक वेल्डिंग केलेला होता. तो कंपनीचा नव्हे, हे उघड होते. विचारले तर शेतकरी म्हणाले, "दुष्काळात पाण्याच्या टाकीचा गाडा ओढायला बसवला. दोन उन्हाळे वस्तीला पाणी हिनंच पाजलं."

मिस्त्रींनी हूक कापून टाकू, असे सुचवले. मी नको म्हटले. पासिंगच्या वेळी काढावा लागला तर काढू आणि घरात ठेवू. तो तळटिपेत राहील.

एक आक्षेप

येथवर वाचून कोणी म्हणेल की हे सारे ठीक. पण जीप ही मौजेची गाडी आहे असे तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता? हा आक्षेप मी स्वतःशीच अनेकदा घेतला आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरली. आमच्या मुलखाच्या मुक्ततेची गोष्टच फौजी गाड्यांच्या धुरळ्याने सुरू होते. त्यानंतर जीप म्हणजे वसुली, जप्ती, पोलीस. मग कारखान्याचा पुढारी. आणि आता मिरवणुकीत भोंगा लावून, बोनेटवर पोरे बसवून गावातल्या एका वस्तीसमोर मुद्दाम रेंगाळणारी गाडी. जीप येताना पाहून घरात जाणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. ही स्मृती धुवून काढून केवळ वारा आणि केस यांची भाषा करणे म्हणजे सोयीचा पाठ तेवढा छापणे होय.

पण दुसऱ्या बाजूचे पाठही आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी तेविशीत होतो. सास्तूरकडे जाणाऱ्या वाटांवर जिपा जात होत्या, येत होत्या. आत जखमी, भाकरीची गाठोडी, पाण्याचे कॅन. वडील चार दिवस घरी आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी जीप धुतली नाही, ही मला आठवणारी एकमेव वेळ. काळी-पिवळी होऊन याच जातीच्या गाडीने बायकांना बाजाराला आणि पोरींना शाळेला नेले. म्हणून जीप सत्तेची की सेवेची, असा प्रश्न मला खोटा वाटतो. ज्याच्या हाती ती गेली त्याने आपला पाठ तिच्यावर लिहिला. दुसरा, तिसरा, चौथा मालक होणे याचा अर्थच हा की आधीचे पाठ वाचायचे आणि मग आपली ओळ लिहायची. साधी सहल ही ओळ मात्र आमच्या घरात कोणी लिहिली नव्हती.

आता या वाचनाला उशीर होत चालला आहे, हेही नोंदवतो. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले; त्या आता भंगारातच जातात. प्रदूषणाचा विचार करता या निर्णयाला विरोध करता येणार नाही. पण सरकारी दप्तरातून लिलावात, लिलावातून शेतात आणि शेतातून एखाद्या हौशी माणसाच्या दारात, ही जिपेची परंपरा त्या दिवशी खंडित झाली. उरलेल्या प्रती मोजक्या आहेत.

निवड

मी तिसरी प्रत घेतली. पावणेतीन लाख दिले. पंप, क्लचप्लेट आणि पत्र्याचे काम मिळून आणखी साठ हजार गेले. घेऊ पाहणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी. आधी कागद बघा, मग चासी, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी. सकाळी थंड इंजिन स्वतःच्या हाताने सुरू करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी या. आपल्या मिस्त्रीला विचारा की ही गाडी तुम्हाला येते का. 'बघू' म्हणाला तर घेऊ नका. आणि जुन्या जिपेत आजच्या गाडीची सुरक्षा नाही हे विसरू नका. पट्टे नवे बसवून घ्या, ताशी पन्नासच्या वर जाऊ नका, आणि हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असताना गाडी घरीच ठेवा. आमच्याकडे टप काढून फिरायचे दिवस मार्गशीर्ष ते माघ. चैत्रापासून सकाळी आठनंतर ताडपत्री हवीच.

वडील आता नाहीत. आई ८१ वर्षांची आहे. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी तिला येडशीच्या रामलिंगला नेतो म्हटले. ती आली, पण पुढच्या दाराशी थांबली. "ती साहेबाची जागा," म्हणाली, आणि मागे जाऊन बाकड्यावर बसली. दुसऱ्या फेरीलाही मागेच बसली. मी काही बोललो नाही. तिसऱ्या वेळी मार्गशीर्षातली सकाळ होती, टप काढलेला होता, आणि मागे मुलीने पुस्तकांची खोकी ठेवली होती. आई पुढे बसली. घाट उतरेपर्यंत तिने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून ठेवली होती. खाली आल्यावर एक हात सोडला आणि पदर सावरला.